गोदूआजींचा डबा

वर्तकनगरातल्या आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर आनंदकाका सोहोनी राहतात, कंपनीतून रिटायर झालेले. काकू गेल्या, मुलगा मुकुल बंगळुरूला, त्यामुळे एकटेच. तिसऱ्या मजल्यावर माझ्या शेजारी गोदूआजी राहायच्या, त्याही एकट्या. गुडघ्यांमुळे त्यांचं खाली उतरणं केव्हाच बंद झालेलं. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली सोडायच्या.

काकू गेल्यावर त्याच टोपलीतून काकांसाठी डबा उतरू लागला. कधी वालाचं बिरडं, कधी घावन. डबा स्टीलचा, झाकणावर आजींच्या यजमानांचं नाव कोरलेलं. आता कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो, आणि काकांना चहापलीकडे काही येत नाही. मग हा माणूस बस पकडून जांभळी नाक्याला जायचा, सगळा बाजार पालथा घालायचा आणि डब्यात चिकू नाहीतर सोनचाफा घालून स्वतः वर यायचा. आजी चहा टाकायच्या आणि चिकू महाग आणले म्हणून झापायच्या. भिंतीपलीकडून दोघांचं हसणं ऐकू यायचं. दिवसभरात त्या घरांत तेवढाच काय तो आवाज.

पुढे काकांची शुगर वाढली. मुकुलने तिकडूनच जिमचे पैसे भरले, हातात घालायला पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. खोटं कशाला बोलू, काका मनापासून जायचे. ट्रेनर विकी सांगेल तेवढं सगळं करून, घामाघूम होऊन, मान ताठ करून परत यायचे. पण एकदा सोफ्यावर बसले की संध्याकाळपर्यंत हलायचं नाव नाही. "आजचा कोटा झाला गं, रसिका!" दूध, भाजी, औषधं, सगळं फोनवरून दारात. बाजार सुटला, बस सुटली. जिममधल्या फिरत्या पट्ट्यावर रोज डोंगर चढणाऱ्या या माणसाला आमचे दोन मजले जड झाले. डब्यात घरपोच आलेलं सफरचंद ठेवायचं, टोपलीत डबा ठेवून ओरडायचं, "आजी, ओढा!"

मला असा राग यायचा! एकदा म्हटलंसुद्धा, "काका, वर तरी येऊन जा."

"अगं, आज पायांचा व्यायाम होता."

डबा वर आला तरी आजी दोरी धरून गॅलरीतच उभ्या राहायच्या. एकदा मला हळूच विचारलं, "आनंदाला जिना चढवत नाही का गं आता? छातीचं काही नाही ना?" मी जिमचं सांगितलं. त्यांना ते काही पटलं नाही. "व्यायाम करणारा माणूस असा बसून राहील होय?"

परवा काकांचा रिपोर्ट आला. शुगर होती तिथेच. आज डॉक्टरांनी विचारलं, "एक तास कळला. बाकीचा दिवस काय करता?" तिथून काका घरी आले नाहीत, आजींचा परत करायचा डबा पिशवीत होताच, तो घेऊन थेट जांभळी नाक्याला गेले.

दुपारी जिन्यात पावलं वाजली म्हणून मी दार उघडलं. काका आजींच्या दारासमोर उभे होते, धापा टाकत, हातात डबा. दाराला कुलूप.

"कुठे गेल्या या?"

"कल्याणला, पुतण्याकडे. आता तिकडेच राहणार. काल दुपारी गेल्या."

"काल दुपारी मी घरीच होतो!"

होतेच. काल त्यांच्या घरातला टीव्ही मला जिन्यात ऐकू येत होता. पुतण्याने आणलेल्या दोघांनी आजींना खुर्चीत बसवून उतरवलं. पहिल्या मजल्यावर खुर्ची काकांच्या दारावर आपटली. मी बेल दाबणार, तर आजींनी माझा हात धरला. "नको गं. उठून दारापर्यंत यायचं म्हणजे त्रास त्याला. बरा नाहीये तो."

हे सांगू की नको असं झालं, पण सांगून टाकलं.

"आवाज आला होता मला," काका म्हणाले. "वाटलं, कुणाचं तरी सामान उतरतंय." मग त्यांनी डब्याचं झाकण काढलं. आत सोनचाफा होता, गच्च भरलेला.

"रिकामा नाही आणला गं," ते म्हणाले, आणि डबा कुलपासमोर धरून तसेच उभे राहिले.