सरकीघरातल्या दोन हाका

पंचफुला साडेचारला उठते. भाकरी बांधून चार किलोमीटर पायी, आणि सातला कापसाच्या जिनिंगच्या फाटकात. बावीस हंगामांत तिचा एकही खाडा मला आठवत नाही. मी तिथे फिटर होतो. यंत्रे मी सुरू करायचो, म्हणून कोण कधी आले ते मला ठाऊक असे.

आमची जिनिंग पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत आहे. इमारत शंभर वर्षांची, दगडी. मागे सरकीघर, अर्धे जमिनीखाली, वर एकच झरोका. कापसातून रुई वेगळी झाली की सरकी तिथे पडते.

तिथे एक नियम होता. कोणी नावाने हाक मारली, तर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. फार पूर्वी रुईच्या गाठी बांधताना माणूस पेटीत उतरून पायांनी रुई तुडवत असे. एकदा माणूस आत असतानाच वरचा दाबाचा ठोकळा खाली सुटला. त्याने दोन हाका मारल्या, तिसरी आली नाही. तेव्हापासून तो हाका मारतो. आवाज ओळखीचा, पण हाका दोनच. जो ओ देतो त्याला घेऊन जातो. बापाने मला पहिल्या दिवशी हे सांगितले, पान्हा नंतर हातात दिला.

म्हणून आमच्याकडे चहावालाही तीनदा ओरडे. कोणी दोन हाका मारून थांबला, की बाया हसत, "मेला का बे?"

यशोदाबाई ही पंचफुलाची जोडीदारीण. दोघींनी अकरा हंगाम एकत्र सरकी ओढली. सरकीचा ढीग वरून उतरवायचा असतो. खालून ओढला तर काम लवकर होते, पण वर सरकीची भिंत उभी राहते, आणि ती कधी कोसळेल ते सांगता येत नाही. त्या जानेवारीत सरकी पडायचे तोंड तुंबले. मुकादम अण्णाजीला ते दुपारच्या पाळीआधी मोकळे हवे होते. जेवणाची सुट्टी झाली, यंत्रांचे पट्टे थांबले, आम्ही ओसरीत बसलो.

"तू चटणी काढ," यशोदाबाई म्हणाली. "चार टोपले ओढते अन् आलीच मी."

पट्टे थांबले की जिनिंगमध्ये इतकी शांतता होते, की कानात नुसती गुणगुण राहते. त्या शांततेत सरकीघराकडून हाक आली.

"पंचफुले!"

तिचा हात भाकरीवर थांबला. माझाही. अण्णाजीने ओठांवर बोट ठेवले.

"पंचफुले व!"

ही बारीक होती. आम्ही सगळे तिसरीची वाट पाहत राहिलो. कोणी घाससुद्धा चावला नाही. तिसरी आली नाही.

"पेटीवाला," अण्णाजी म्हणाला. "जेवा आता."

आम्ही जेवलो.

हात धुताना पंचफुला म्हणाली, "यशोदा काऊन नाई आली अजून?" आणि धावली.

आम्ही हातांनीच सरकी उपसली. यशोदाबाई उभीच होती. तोंडात सरकी भरली होती.

तेरावा झाल्यावर एका सकाळी पंचफुला कामावर आल्या आल्या थेट मुकादमाकडे गेली. अण्णाजीसमोर उभी राहून म्हणाली, "त्या पेटीवाल्याले भूत म्हनता तुम्ही. तो दबून राह्यला होता, अण्णाजी. म्हून दोनदाच."

"चूप बस. बाया आयकून राह्यल्या."

त्या दिवसापासून ती पहिल्याच हाकेला ओ देते. बायांनी तिच्याजवळ बसणे सोडले. हिला भूत लागले आहे, म्हणाल्या. गाव म्हणू लागले, की आता हाका मारणारे दोघे झाले.

त्या हंगामाच्या शेवटी तिने मजुरीतून एक पितळी घंटा आणली, शाळेत असते तशी. शेठने लावू दिली, पैसे दिले नाहीत. मी ती झरोक्यावर बसवली, दोर तळापर्यंत सोडला आणि टोकाला गाठ मारली.

"भूत घंटा वाजवत नाई, लक्ष्मणभाऊ," ती म्हणाली. "वाजली का धावाचं."

तीन वर्षे वाजली नाही. मग एका दुपारी, पट्टे थांबल्यावर, वाजली. दोनदा. सगळ्या बाया ओसरीतच होत्या. कोणी हलले नाही. पंचफुला हातातली भाकर टाकून खाली उतरली. मी दारापर्यंत गेलो, पुढे नाही. तिने भिंतीच्या कडेकडेने जमीन लागेपर्यंत सरकी उपसली. वर आली तेव्हा कोपरापर्यंत हात सोलले होते.

"कोनी नाई," ती म्हणाली. "पन पाह्यलं."

तेव्हापासून दर हंगामात घंटा एकदा तरी वाजते, आणि दर वेळी ती उतरते.

मी आता निवृत्त आहे, पण ती घंटा मी बसवली आहे, म्हणून तपासून आलो. झरोका आडोशाला आहे, वारा लागत नाही. उंदीर म्हणावे, तर दोर कुरतडलेला नाही. गाठीच्या वीतभर वर झिजला आहे, मुठीत धरून ओढल्यासारखा. लोंबकळता दोर झिजला तर वर झिजतो, खाली नाही. मी चाळीस वर्षे दोर पाहिले आहेत.

मी पंचफुलाला ते दाखवले. तिने झिजलेल्या जागी मूठ धरून पाहिली. मुठीएवढीच जागा होती.

यंदा मार्चात हंगाम संपला. तिच्या घराचे पत्रे गळतात. शेवटची मजुरी घेऊन ती पुलगावच्या बाजाराला गेली आणि अठरा हात नवा दोर घेऊन आली.