ठोकळ्यांतला हामूर

इथे आखातात वर्ल्डकपची तयारी जोरात होती आणि अल मुंतझातल्या आमच्या घरातही बांधकाम कंपनीतला माझा नवरा काँक्रीट आणि डेडलाइन याशिवाय दुसरं बोलत नव्हता. एका शुक्रवारी मी त्याला ओढतच समुद्रावर नेलं, मासे गरवायला.

तो नाशिकचा, मी मालवणची. तो गरी जमेल तितकी लांब, मोकळ्या पाण्यात फेकत राहिला. बराच वेळ काहीच लागेना, तेव्हा माझं डोकं फिरलं.

"इथला हामूर म्हणजे आपलं हेकरू. ते मोकळ्यावर हिंडत नाही, कपारीत दबा धरून बसतं," मी म्हटलं.

आम्ही उभे होतो त्या धक्क्याच्या पायाशी पाण्यात बांधकामातले उरलेले काँक्रीटचे ठोकळे पडले होते. त्यांच्यामधल्या काळ्या फटीपाशी मी माझी गरी सरळ खाली सोडली. ती तळाला टेकते न टेकते तोच दोरीला असा हिसका बसला की माझी चप्पलच निसटली.

"ढील दे, दोरी तुटेल," नवरा ओरडला.

"गप्प बस. ढील दिली तर आत घुसेल आणि कल्ले फुगवून अडकून बसेल."

दोरी बोटांत रुतत होती, पण मी सोडली नाही. भलंमोठं तोंड वासलेला ठिपक्यांचा हामूर वर आला, तेव्हा मला हसू आवरेना.

नवरा मात्र त्या ठोकळ्यांकडेच बघत होता.

"आम्हाला एकाही इमारतीचा ताबा अजून देता आलेला नाही," तो म्हणाला, "आणि हा पठ्ठ्या आमच्या टाकाऊ मालात कधीच राहायला आलाय."