न गेलेली लाइट

"हां, आता चालू कर," देवेश मेलबर्नहून म्हणाला.

माणिकताई रेडकरांनी फोन तुळशीच्या कुंडीला टेकवून उभा केला, पदर खोचला आणि जनरेटरची दोरी ओढली. पहिल्या ओढीला तो नुसता खोकला. दुसरीला गुरगुरला. तिसरीला असा काही पेटला की कुंपणावरचा कावळा उडून पार रस्त्यापलीकडे गेला.

"आवाज येतोय का रे?"

"काय?"

"म्हटलं, आवाज..."

"तोच येतोय! लोड लाव, आई, लोड! रिकामा फिरवू नकोस!"

माणिकताईंनी खिडकीतून आत सोडलेल्या वायरला टेबलफॅन लावला, इस्त्री लावली. यंत्राचा सूर जरा खाली आला. मुलुंड पूर्वेतल्या त्या जुन्या सोसायटीत त्यांच्या तळमजल्याच्या घरामागे चार पावलांची मोकळी पट्टी होती, तिथे हा कारभार चाले. पहिल्या मजल्याची खिडकी धाडकन उघडली आणि शेजारीण कमलचं डोकं बाहेर आलं.

"काय गो माणिक! लाइट तर आसा! वरात कोणाची काढतंस?"

"टेस्टिंग गं, टेस्टिंग!"

"दर रविवारी टेस्टिंग? परीक्षेक बसवतंस की काय तेका?"

खिडकी बंद झाली. मग मायलेक एकमेकांच्या हलणाऱ्या तोंडांकडे बघत राहिले. त्याच्या मागे पांढरं स्वयंपाकघर, स्वच्छ, रिकामं. हिच्या मागे वाळत घातलेला टॉवेल. थोड्या वेळाने त्याने अंगठा वर केला. म्हणजे पास. माणिकताईंनी खटका दाबला.

"सगळं ठीक ना?"

"ठीक."

"गोळ्या?"

"घेते."

"चल मग, ठेवतो."

आणि ठेवला. कानात यंत्राची घरघर तेवढी उरली. ती विरली की घर आधीपेक्षा मोठं वाटायचं.

माणिकताईंना हे 'ठेवतो' पाठ होतं. त्यांची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, हातात प्लगांच्या दोऱ्या, समोर दिव्यांचा बोर्ड. ट्रंक कॉलचा तो जमाना. रत्नागिरी जोडून द्या, सावंतवाडी जोडून द्या, दुबई लागते का बघा. आणि मग ठरलेलं वाक्य मध्येच घालायचं, गोड पण कोरड्या आवाजात: "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" बहुतेक जण घाबरून "नको, नको" म्हणत. तीन मिनिटांपैकी दोन तर "हॅलो, ऐकू येतंय का" यातच जायची, उरलेल्यात मनिऑर्डर पोचली का, पाऊस कसा आहे. आणि खरी गोष्ट, जिच्यासाठी माणसाने फोन लावलेला असायचा, ती अगदी शेवटी, दोरी ओढायच्या बेताला यायची. "बाय गेली रे आपली." किंवा नुसतं, "कधी येशील?" तेव्हा माणिकताई घड्याळाकडे न बघता थोडं थांबत. सुपरवायझरने दोनदा मेमो दिला. त्या थांबतच राहिल्या.

आता त्यांचाच फोन होता, फुकटचा होता, आणि तीन मिनिटंही भरत नव्हता.

जनरेटर आला तो गेल्या मे महिन्यातल्या प्रकारामुळे. रस्त्याखालची केबल जळाली आणि अख्खी गल्ली एक दिवस अंधारात गेली. माणिकताईंचा फोन बंद पडला. देवेशने तिकडून वीस-पंचवीस वेळा लावला, मग कमलला लावला, मग सोसायटीच्या वॉचमनला. लाइट आल्यावर फोन लागला तेव्हा त्याचा आवाज फाटलेला होता. "आई, मी काय काय विचार केला माहितीये तुला?" त्या दिवशी तो खूप वेळ बोलला. शाळेत असताना ताप आला होता तेव्हाचं बोलला. बाबांचं बोलला. विद्याधरांना जाऊन चार वर्षं झाली होती, त्यात पहिल्यांदा त्याने त्यांच्याबद्दल स्वतःहून काही काढलं. पंधरा दिवसांत खोक्यातून हे लाल धूड दारात आलं.

पंपावर सुटं पेट्रोल कॅनमध्ये देत नाहीत. म्हणून मग विद्याधरांची धूळ खात पडलेली स्कूटर कामाला आली. समोरचा गॅरेजवाला प्रीतम ती पंपावर नेई, टाकी भरून आणी आणि नळीने पेट्रोल जनरेटरमध्ये उतरवून देई. नवऱ्याची स्कूटर अशी मुलाच्या यंत्राला पाजताना बघून माणिकताईंना पहिल्यांदा हसू आलं आणि मग आलं नाही.

पहिली थाप त्यांनी ऑगस्टमध्ये मारली. मारायची म्हणून नव्हे. देवेश "चल मग" पर्यंत आला होता आणि तोंडातून निघून गेलं, "काल लाइट गेली होती रे."

"गेली होती? किती वेळ?"

"दोनेक तास."

"मग जनरेटर लावलास? काय काय चालवलंस? फ्रिज? फॅन किती? पेट्रोल किती गेलं?"

पोरगा खुर्चीत नीट बसला होता. त्याने त्यांना शिकवलं की हे यंत्र एक पंखा चालवतानाही जवळपास तितकंच पितं, जितकं फ्रिज आणि मिक्सर चालवताना. की तासाला अर्धा लिटरच्या आत राहिलं पाहिजे. की थोड्या लोडवर एक युनिट शंभर रुपयांच्या वर पडतं. "शंभर रुपये, आई! बिलात आठ-दहाला मिळतं ते!" "अगो बाई," त्या म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. मग ऑइल कधी बदलायचं यावर बोलणं गेलं, तिथून बाबा स्कूटरचं ऑइल स्वतः बदलायचे आणि बनियन काळी करायचे यावर. अर्धा तास! ठेवल्यावर त्या कितीतरी वेळ हातातल्या फोनकडे बघत बसल्या. तो गरम झाला होता.

मग दर रविवारी लाइट जाऊ लागली. कधी ट्रान्सफॉर्मर उडाला, कधी रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली. एका आठवड्यात तर चारदा गेली. भाजी निवडताना माणिकताई पुढच्या रविवारचा बिघाड ठरवत.

प्रीतमला मात्र फसवता येईना. ऑक्टोबरात तो टाकी भरायला आला, झाकण उघडून आत डोकावला आणि नाक मुरडलं.

"ताई, भरू कुठे? टाकी भरलेलीच आहे. आणि वास बघा, शिळं झालंय पेट्रोल. वापरत नाही का?"

"वापरते की. लाइट जाते सारखी."

"कुठे जाते?"

"इथे. आमच्याकडे."

"माझं गॅरेज समोर आहे, ताई. दिवसभर कंप्रेसर चालू असतो. माझ्याकडे नाही गेली ती."

"आमची फेज वेगळी आहे."

प्रीतमने रस्त्याच्या खांबाकडे बघितलं. त्यावरून एक वायर त्याच्याकडे गेली होती, एक इकडे. मग त्याने माणिकताईंकडे बघितलं आणि हात पुसले. "असेल बुवा," तो म्हणाला. "पण शिळं पेट्रोल ठेवू नका. कार्बोरेटर जाम होईल, मग खरंच गेली तर बोंबला."

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी देवेश फोनवर आला तोच ताठ बसलेला.

"आई, मी हिशेब केला. एक्सेलमध्ये. गेल्या तीन महिन्यांत तुझ्याकडे किती लाइट गेली, माहितीये? आणि पेट्रोल, ऑइल, त्या माणसाची मजुरी, सगळं धरून तुझ्या नेहमीच्या बिलाच्या तिप्पट जातंय."

"असू दे रे. तू पाठवतोस ना."

"पैशांचं नाही गं. या वयात तू दोरी ओढायची, पेट्रोल घरात साठवायचं. मला झोप लागत नाही." तो थांबला. "कर्जतच्या पुढे ज्येष्ठांसाठी एक मस्त कॉम्प्लेक्स आहे. पूर्ण इमारतीला बॅकअप. डॉक्टर, जेवण, सगळं. मी टोकन भरलंय."

"काय भरलंयस?"

"टोकन. एक खोली अडवून ठेवलीये. मुलुंडचा फ्लॅट भाड्याने देऊ. पुढच्या रविवारपर्यंत हो म्हण, मग बाकीचे भरतो."

त्या रविवारी लाइट गेल्याचं माणिकताईंना सांगावंच लागलं नाही.

आठवडाभर त्या घरातल्या घरात हिंडत राहिल्या. दाराच्या चौकटीवर देवेशच्या उंचीच्या पेन्सिलच्या रेघा होत्या, त्यांच्याशी उभ्या राहिल्या. कमलला सांगायला दोनदा अर्धा जिना चढल्या आणि परतल्या. सांगणार काय? की आपणच एकेक अंधार रचला आणि आता त्यातच राहायला चाललो? खरं सांगावं तर रविवार पुन्हा दोन मिनिटांवर. नाही सांगावं तर कर्जत. गुरुवारी दुपारी मिनिटभर खरोखर लाइट गेली. पंखा थांबला. त्या उभ्याच राहिल्या, आणि आशेने वाट बघत राहिल्या की येऊ नये. आली.

रविवारी फोन वाजला.

"मग, आई? काय ठरवलंस?"

"लाइट जात नाही," माणिकताई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"जात नाही. मे महिन्यानंतर गेलीच नाही. परवा एकदा मिनिटभर. बाकी सगळं मी खोटं सांगितलं."

देवेशच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. फोन अडकला की काय असं वाटलं.

"ट्रान्सफॉर्मर?"

"नाही उडाला."

"आई, मी एक्सेल केलं!"

"हो रे."

"ऑफिसमध्ये बसून केलं. लिटरवारी! का पण?"

"लाइट गेली की तू बोलतोस."

तिकडे पांढऱ्या स्वयंपाकघरात नळ टपटपत होता, तो ऐकू आला. देवेशने मान खाली घातली होती.

"मग सांगायचंस ना, बोल म्हणून."

"आल्यागेल्याला बस म्हणता येतं, बाबा. पोटच्या पोराला बोल असं कसं म्हणायचं?"

त्याने डोळ्यांवरून हात फिरवला. तो आता "चल मग" म्हणणार, हे माणिकताईंना इतकं स्पष्ट दिसलं की त्यांनीच हात बंद करायच्या बटणाकडे नेला.

"कर्जतला 'नाही' म्हणून कळवतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पेट्रोल पडूनच असेल मग. शिळं झालं असेल."

"प्रीतमपण तेच म्हणाला."

"टाकीतलं त्याला काढायला सांग. पण कार्बोरेटरमध्ये राहिलेलं जाळून टाकायला पाहिजे, नाहीतर चिकटेल. आत्ता करूया? चालू कर, आणि टाकीखालची पेट्रोलची चावी बंद कर. आतलं संपलं की आपोआप बंद पडेल."

त्यांनी फोन कुंडीला टेकवला. दोरी ओढली. कावळा उडाला. वरून कमल काहीतरी ओरडली. माणिकताईंनी वाकून चावी फिरवली आणि पायरीवर बसल्या. यंत्र धडधडत होतं. देवेश फक्त तिथे होता, हनुवटी हातावर ठेवून, जणू दोघं मिळून एखाद्या आजाऱ्याजवळ बसलेत. मग आवाज पातळ झाला, एकदा अडखळला, पुन्हा जोरात उठला आणि बंद पडला.

"हॅलो?" माणिकताई म्हणाल्या. सवयीने, मोठ्याने.

"आहे गं."

वरच्या खिडकीतून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"कमलकाकी?"

"हो. रविवार ना. कोंबडी असणार."

एकीकडे टपटप, एकीकडे शिट्टी. माणिकताईंनी घसा खाकरला आणि कधीचा मागे पडलेला तो गोड, कोरडा आवाज बाहेर काढला.

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

देवेशला हसू आलं, पण पुरतं नाही.

"वाढव."

आणि वाढवल्यावर काय बोलायचं, ते दोघांनाही सुचेना. आठवडे आठवडे साठवलेलं, भाजी निवडताना स्वतःशी घोकलेलं, त्यातलं एक वाक्य माणिकताईंना आठवेना.

"तू बोल," त्या म्हणाल्या.

"नाही, तू."

कुंपणावर कावळा परत आला होता. बंद पडलेल्या यंत्राकडे मान वाकडी करून बघत होता.

"हा बघ," म्हणत त्यांनी फोन कावळ्याकडे वळवला.