राखेत उमटलेला पंजा

पत्र्याच्या खोलीत भर दुपारी दार लावून, खिडकीला काळं कापड टांगून शिवकन्या काचेवर वाकली होती. काचेखाली दिवा, वर उलटा बांधलेला मोबाइल, काचेवर उसाच्या पाचटाची चाळलेली राख. बोटानं राख तसूभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. असे बारा फोटो झाले की पडद्यावर एक सेकंद. आधीचं चित्र मोडूनच पुढचं व्हायचं. चुकलं तर मागं फिरायची सोय नाही.

पुण्यात ॲनिमेशन शिकून ती तलवाड्याला परतली होती. ज्वारीच्या पिठातून एक आणि मेंढीच्या लोकरीतून एक अशा दोन छोट्या फिल्म तिनं केल्या, तेव्हा गाव हसलं होतं. ही तिसरी हसण्यासारखी नव्हती. पाळीमुळं ऊसतोडीत खाडे पडू नयेत म्हणून तिच्या आईनं, साखराबाईनं, अठ्ठाविसाव्या वर्षी गर्भपिशवी काढून घेतली होती. त्यावर आई वीस वर्षांनी पहिल्यांदा बोलली, ती लेकीच्या मोबाइलसमोर. फिल्ममध्ये आवाज आईचा होता, चित्रं राखेची.

एकोणीस दिवस चाललेल्या दृश्यात राखेची बाई आता खाटेवर आडवी होत होती. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आईच्या ऊसतोड टोळीचा मुकादम बजरंग आत आला.

"दार लावा मामा, राख उडंल!"

"आमची बदनामी करायलीस म्हणं?"

"तुमचं नाव न्हाई त्यात."

"टोळी तर माझीच हाय ना? काढून टाक ते समदं. न्हाईतर तुझ्या मायला यंदा टोळीत घेत न्हाई."

शिवकन्या पुन्हा काचेवर वाकली. ते त्याला जास्त झोंबलं. त्यानं पुढं होऊन काचेवर पंजा दाबला आणि उचलला. बाईचं डोकं, छाती, अर्धी खाट गेली.

शिवकन्यानं फोटोचं बटण दाबलं.

"काय काढलंस गं?"

"तुमचा हात."

तो मोबाइलकडं झेपावला.

"बजरंगा!" कणकेनं भरलेल्या हातांनी साखराबाई दारात उभी होती. "मी बोललेय ते. जे काय हाय ते मला इचार. पोरीच्या वस्तूला हात लावायचा न्हाई."

बजरंगनं एकदा मायकडं, एकदा लेकीकडं बघितलं. राखेनं भरलेला हात पॅन्टला पुसत तो निघून गेला.

शिवकन्यानं दार लावलं आणि त्या पंज्यापासूनच पुढं सुरुवात केली. सांजेपर्यंत पाच बोटांचे पाच ऊस झाले आणि त्यांच्या आडून बाई उठून बसली.

बजरंगनं शब्द खरा केला. साखराबाईला युसूफ वडगाव या दुसऱ्या गावच्या टोळीत जावं लागलं. ती निघायच्या आधी समाजमंदिराची दारं लावून शिवकन्यानं फिल्म दाखवली. ऊसतोडीला जाणाऱ्या अकरा बाया आल्या. फिल्म संपली तरी कुणी उठेना. शेवटी त्यांतल्या चतुराबाईनं पदर सावरला.

"माझंबी आसंच झालंय," ती म्हणाली. "तुझं ते आवाज धरायचं चालू कर."


शिवकन्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला.