झग्याचा खिसा

नाशिकच्या कोर्टाजवळ काळे झगे शिवणाऱ्या मास्तरांच्या दुकानात मला ओढून नेई तो तापल्या सुती कापडाचा वास. मास्तर ओठांत टाचण्या धरूनच बोलत. त्यामुळे त्यांचे शब्द जपून बाहेर पडत आणि जरासे टोचत.

यंदा त्यांच्याकडे मोठे काम चालून आले होते. दूरच्या एका देशात युद्धानंतर न्यायालये नव्याने उभी राहत होती आणि परदेशी मदतीतून तिथल्या न्यायाधीशांसाठी झगे शिवायचे होते. नमुना पसंत पडला, तर सगळे काम मास्तरांचे. तो पाहायला मदतसंस्थेच्या बाई आल्या. दुभाषी मी.

बाईंनी झग्याच्या खिशात हात घातला. तो आत जाईना. खिशाचे तोंड बारीक टाक्यांनी बंद केलेले होते.

"अहो मास्तर, हे काय?" मी कुजबुजले.

"खिसा पाहिजे म्हणाले, दिला."

"हातचं काम जाईल!"

"न्यायाधीशाला खिसा कशाला, ताई? ज्याला लागंल त्यानं उसवून घ्यावा. उसवलेलं लपत नाय."

मी भीतभीत भाषांतर केले. बाई त्या टाक्यांवरून बराच वेळ बोट फिरवत राहिल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "सगळे असेच शिवा. फक्त दोरा लाल घ्या, म्हणजे उसवलेला लांबूनही कळेल."

मी तेही सांगितले. मास्तरांच्या ओठांतल्या टाचण्या प्रथमच खाली सांडल्या.

"काळ्यावर लाल? ताई, त्यांना सांगा, माझी पण काही इज्जत हाय!"