सातव्या नंबरची नळी

सीताराम मामांबद्दल कुणीतरी लिहायला हवं होतं. ते मी लिहावं असं मला कधी वाटलं नाही. मी रसायनशास्त्राचा मास्तर. फळ्यावरची समीकरणं आणि प्रगतिपुस्तकातले शेरे यांपलीकडे माझं लिहिणं गेलं नाही. पण दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही, आणि त्यातलं एक मलाच ठाऊक आहे.

मामा परभणीत आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होते. मूळचे बोरीचे. दहावीला विज्ञानात सहा मार्कांनी नापास झाले, पुन्हा बसले नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी बाटल्या भरल्या, परीक्षानळ्या धुतल्या. फुटलेल्या ट्यूबलाइटच्या पट्ट्यांतून ते नळ्या उभ्या ठेवायची घोडी बनवत. बाटलीवरची चिठ्ठी गळून पडली तरी आत काय आहे ते नुसत्या रंगावरून सांगत.

बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत मुलांना एक पांढरी पूड देतात आणि ती कोणती ते ओळखायला सांगतात. आमच्याकडे ती मुलं ओळखत नसत, मामा सांगत. पाण्याची बाटली घेऊन टेबलाटेबलावर फिरायचे, वाकायचे, हळूच नाव सांगायचे आणि पुढे जायचे. त्याबद्दल कधी कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. मी एकदाच त्यांना टोकलं होतं.

"सर, लेकरं पालमहून, कुठकुठून यष्टीनं येतेत," ते म्हणाले. "वर्षात चारदा तरी ह्या दिव्याला हात लागतो का त्यांचा? मला त्या टायमाला कुणी सांगितलं असतं, तर आज मी बाटल्या धुत बसलो असतो का?"

त्यानंतरही परीक्षेत मी दरवर्षी खिडकीबाहेर बघत राहिलो.

मामांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी, मे महिन्यात, दहावी झालेल्या मुलांसाठी आमच्याकडे दहा दिवसांचं विज्ञान शिबिर झालं. शेवटच्या दिवशी पुण्याच्या एका संस्थेतल्या मॅडम परीक्षा घेणार होत्या. जो पहिला येईल त्याला दोन वर्षं पुण्यात राहून शिकता येणार होतं.

शिबिरात चुडाव्याची राजनंदिनी होती. रोज पॅसेंजरनं यायची. वडील आश्रुबा आणि आई दरसाल ऊसतोडीला जात. त्या वर्षी आजी गेली, घरी थांबायला कुणी उरलं नाही, म्हणून ऑक्टोबरात तिलाही टोळीबरोबर जावं लागणार होतं. पुण्याला नंबर लागला तरच सुटका. हे तिनं पहिल्याच दिवशी मामांना सांगितलं होतं.

पोरगी वेगळी होती. चुकलं की पुन्हा करायची, नळी धुऊन तिसऱ्यांदा करायची. मामा तिला चिडवायचे, "अगं, सगळं सामान एकटीच संपवतीस का काय? बाकीच्यांनी काय धुपाटणं घ्यावं?"

ती म्हणायची, "मामा, तुमी कुलूप लावा, मी आतच राहते."

परीक्षेच्या दिवशी सकाळी मामांनी दहा नळ्यांत दहा प्रकारची पांढरी पूड भरून नंबर चिकटवले आणि ते पाणी आणायला गेले. तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी माझ्यासमोर नंबरांच्या चिठ्ठ्या काढून उलटसुलट लावल्या. "फक्त तुम्हाला माहीत असू द्या, सर," त्या म्हणाल्या. "परिचरांनाही नको."

राजनंदिनीला सातवी नळी आली. मी शेजारच्या वजनकाट्याच्या खोलीत होतो, मधलं दार उघडं होतं. तिनं तार बुडवून दिव्यावर धरली. ज्योत पोपटी झाली, बेरियमची खूण. तिनं पुन्हा धरली, पुन्हा पोपटी. तिचा चेहरा उजळला. तेव्हाच मामा पाण्याची बाटली घेऊन तिच्याजवळ वाकले.

"नवसागर हाय. लिही."

"नवसागर कसा, मामा? ज्योत पोपटी दिसायलीय. अन् अमोनियाचा वास बी येईना."

"सातवा नंबर म्या माझ्या हातानं भरलाय. किती वर्सं भरायलोय, मला शिकवतीस? लिही गुमान, टाइम चाललाय."

मी नुसता खोकलो असतो तरी पुरे होतं. मॅडम पलीकडच्या दारात उभ्या होत्या. त्यांना कळलं तर मामांचं काय होईल, माझं काय होईल, एवढाच विचार डोक्यात होता. राजनंदिनीनं तारेकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं आणि खाली मान घालून लिहिलं.

दुपारी मॅडमनी मला तिचा पेपर दाखवला. "निरीक्षणं सगळी बेरियमची, अचूक. आणि उत्तर नवसागर. स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नसलेली मुलगी मी कशी नेऊ?" नाव दुसऱ्याचं लागलं. मॅडमनी विचारलं तेव्हा, "मलाच तसं वाटलं," एवढंच राजनंदिनी म्हणाली होती. मामांचं नाव तिनं घेतलं नाही.

चिठ्ठ्या बदलल्याचं मी त्या संध्याकाळी मामांना सांगितलं. ते घोडीतल्या नळ्या पुसत होते, पुसतच राहिले. मग म्हणाले, "सर, माझं अक्षर वाईट हाय. मॅडमला तुमी लिहा." सगळा दोष त्यांनी स्वतःवर घेतला, मी ते उतरवून काढलं. माझं गप्प बसणं त्या पत्रात कुठेच नव्हतं. मामांना ते माहीत नव्हतं आणि मी घातलं नाही. उत्तर आलं, यादी अंतिम झाली आहे.

एका रविवारी मामा राजनंदिनीला भेटायला चुडाव्याला निघाले आणि अलीकडच्या पूर्ण्यालाच उतरून परत आले. पुढच्या बारावीच्या प्रात्यक्षिकात ते पाणी भरत फिरले, पण एक शब्द बोलले नाहीत. "मामा विसरायलेत," पोरं हसली. त्या वर्षी बरीच मुलं प्रात्यक्षिकात मागे पडली. मामा निवृत्त होऊन बोरीला गेले.

त्याच्या आधीची एक गोष्ट राहिली. शिबिराच्या वर्षीच ऑक्टोबरात, परभणीच्या बसस्टँडबाहेर ऊसतोडीचा एक ट्रक चहापाण्याला थांबला होता. राजनंदिनी खाली उतरून पाण्याची कॅन भरत होती. मला पाहून जवळ आली, पाया पडली.

"सर, एक विचारू? ते बेरियमच होतं ना?"

मी म्हणालो, "हो."

"मग मला दिसलं ते खरं होतं," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मामांना ठावं हाय का?"

मी पुन्हा हो म्हणालो. ट्रकमधून आश्रुबांनी हाक मारली. कॅन भरून वाहत होती. तिनं झाकण लावलं, कॅन उचलली आणि ती गेली.

ती भेटल्याचं, आणि त्या दिवशी मी सगळं ऐकलं होतं हेही, मी मामांना अजून सांगितलेलं नाही. बोरीला जाणारी बस रोज असते.