हाल्या इथलाच

खाकी कपडा पाड्यात शिरला की वेवजी गावच्या माणसांच्या तोंडी एकच उत्तर येतं, असा कोणी इथं राहत नाही. लाकडाच्या मोळीवरून, ताडीवरून पोलिसांनी इतक्या खेपा घातल्यात की पोरं चालायच्या आधी हे शिकतात. म्हणून २०१९च्या जानेवारीत एक हवालदार दारात येऊन म्हणाला, हाल्या धोडी कुठे राहतो, तेव्हा जमनानं हातातलं सूपही खाली न ठेवता सांगून टाकलं की असा कोणी नाही. शेजारची बुधी म्हातारीही तेच बोलली. हवालदारानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि तो गेला.

आणि हाल्या कोण? जमनाचा नवरा! सव्वा वर्षापूर्वी भात कापून झाल्यावर तो गुजरातेत ओख्याला मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला होता. समुद्राला काय कुंपण असतं? बोट सरहद्दीपलीकडे गेली, पाकिस्ताननं पकडली आणि हाल्या कराचीच्या तुरुंगात पडला. पोलीस दारात बघून जमनाला वाटलं, त्याच्यावर इथंही केस झाली. निदान इथल्या केसमधून तरी आपण त्याला वाचवू.

महिन्यानं चिमण मुकादम आला. बोटींवर माणसं पाठवायचं काम त्याचं. सगळं ऐकून त्यानं कपाळावर हात मारला. "अगं बाई, हवालदार धरायला नव्हता आला, सोडवायला आला होता. माणूस आपलाच आहे असं इथून लिहून गेल्याशिवाय तिकडून सोडत नाहीत."

कागदावर आता लिहिलेलं होतं, पत्त्यावर आढळला नाही. आपल्याच तोंडानं आपण नवऱ्याला परका करून बसलो, याचं जमनाला रडू येईना, रागच आला.

त्यातच काश्मीरात जवान मारले गेले, दोन्हीकडची विमानं उडाली आणि पाठोपाठ निवडणूक लागली. जमना चौकीत गेली, तर सगळे बंदोबस्तात, मतदानानंतर ये म्हणाले. तालुक्याला, तलासरीच्या कचेरीतही तेच. चिमण सांगत होता, सध्या तिकडून खलाशी सोडतायत, पण भांडण पुन्हा पेटलं तर दार बंद. मतदान होईपर्यंत थांबायचं कुणाच्या भरवशावर?

एप्रिलात मतदानाच्या चिठ्ठ्या वाटायला माणूस आला आणि घरात दोन चिठ्ठ्या देऊन गेला. एक जमनाची, एक हाल्याची. नाव, फोटो, गाव, सगळं बरोबर. घ्या! मताच्या वेळी हाल्या या पत्त्यावर बरा सापडतो! जमनानं ती चिठ्ठी पदराला बांधली.

चार दिवसांनी तलासरीत सभा होती. टेम्पो आला, अख्खा पाडा त्यात चढला, जमनाही चढली. म्हटलं, पुढाऱ्याच्या हातापाया पडू. पुढारी घसा फोडून बोलत होता. शेजाऱ्याशी आता बोलणं नको, घुसून मारायचं, ज्यांना मंजूर त्यांनी दोन्ही हात वर करा. सगळ्या पाड्याचे हात वर गेले. बुधीचे गेले, जमनाचा सख्खा दीर दिपक, त्याचेही गेले. हाल्या ज्या गावात कोंडलाय त्याच गावावर बॉम्ब टाकायला त्याचा भाऊ हो म्हणत होता, आणि त्याच्या ते ध्यानातही नव्हतं.

जमना उठली आणि चिठ्ठी उंच धरून स्टेजपुढच्या दोरीपर्यंत गेली. पुढाऱ्यानं चौकशी केली, माइकवरूनच सांगितलं की या ताईंच्या मालकांना मी आणणार, टाळ्या घेतल्या आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा घुसून मारायला लागला. झालं. पण दोरीपाशी उभा होता तोच हवालदार.

"तूच ना ती? असा कोणी नाही म्हणालीस."

"खोटं बोलले, साहेब. नवरा आहे माझा."

हवालदारानं चिठ्ठी उलटसुलट बघितली. पाच जणांची साक्ष आण म्हणाला, आत्ताच, उद्यापासून त्याला दुसरीकडे ड्युटी होती. जमना टेम्पोकडे पळाली. तिथं सगळ्यांच्या माना खाली. पोलिसाच्या कागदावर अंगठा म्हणजे उद्या कोर्टाच्या चकरा, हे कुणाला सांगायला नको होतं.

जमना ओरडली, "अख्ख्या देशाशी लढायला दोन हात वर केलेत. माझ्या हाल्यासाठी एक अंगठा निघत नाय?"

हवालदार घड्याळ बघत होता. शेवटी बुधी टेम्पोतून उतरली, खोटं मी पण बोलले होते म्हणाली आणि तिनं अंगठा पुढे केला. मग दिपक आला, जमनाकडे न बघता. मागून तिघं. हवालदारानं हाल्याची चिठ्ठी साक्षीच्या कागदांना टाचली आणि निघून गेला.

मतदानाच्या दिवसापर्यंत खलाशांच्या तुकड्या येऊन गेल्या होत्या. त्यात हाल्या नव्हता. त्याचा कागद कुठवर पोचला, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

शाळेतल्या खोलीत यादीवर बोट ठेवून मतदान घेणाऱ्या बाईंनी मोठ्यानं वाचलं, "जमना हाल्या धोडी." पाड्यातली माणसं रांगेत होती, दाराशी पोलीस उभा होता. बाईंनी सवयीनं विचारलं, पतीचं नाव हाल्याच ना?

जमना पोलिसाकडे वळली आणि सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "हाल्याच. इथलाच आहे तो. अजून आला नाय."